मदत हवी आहे: तेच खाणं, तेवढंच चालणं, तरी १२ वर्षांत ११ किलो. चरबीचंच काही बिघडतं का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. उपचार विचारत नाहीये, ते दार ठोठावून झालंय. थायरॉइड, साखर, सगळे रिपोर्ट ठीक आहेत. मला फक्त हे प्रकरण समजून घ्यायचंय.

वय ४७. पस्तिशीत ६३ किलो होते, आज ७४. मधल्या काळात बाळंतपण नाही, मोठं आजारपण नाही, वजन वाढवणारी गोळी नाही. मला वह्या लिहायची खोड आहे, त्यामुळे काय खाल्लं, किती चालले याची नोंद आहे. जुनी वही उघडली तर आजचंच पान वाटावं.

एकेचाळिसाव्या वर्षी हट्टाने ८ किलो उतरवले होते. दीड वर्षात सगळे परत आले, वर २ किलो व्याज.

डॉक्टर म्हणाल्या, वयानुसार मेटाबॉलिझम मंदावतो. जिममधला ट्रेनर म्हणाला, वही खोटं बोलते. (म्हणजे मीच.) दोन्ही उत्तरं गळी उतरत नाहीत. तेव्हा ते ८ किलो गेले तेव्हा चरबीच्या पेशी गेल्या होत्या, की नुसत्या रिकाम्या झाल्या? आणि वय वाढतं तशी चरबीची काम करायची पद्धतच बदलते का? कोणी या विषयात असेल तर सोप्या भाषेत सांगा.

सांजवारा

वाचतेय. ही वही माझीच आहे असं समजायला हरकत नाही.

पेशीपुराण

अर्धविरामताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: रिकाम्या झाल्या होत्या. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या गटाने २००८ मध्ये हे दाखवलं. पद्धत मजेशीर आहे. १९५५ ते १९६३ च्या दरम्यान उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ (कार्बनचाच किरणोत्सारी प्रकार) जवळजवळ दुप्पट झालं आणि नंतर हळूहळू उतरत गेलं. पेशी जन्मली तेव्हाच्या हवेचा शिक्का तिच्या डीएनएवर राहतो, म्हणून तिचं वय काढता येतं. निष्कर्ष असा की मोठेपणी मेदपेशींची संख्या जवळपास कायम असते. दरवर्षी साधारण १०% मरतात, तितक्याच नव्या येतात. जठराची शस्त्रक्रिया करून भरपूर वजन उतरलेल्यांतही दोन वर्षांनी संख्या तीच होती. पेशी फक्त आकसल्या होत्या.

दुसरा प्रश्न खरा रंजक आहे. पेशी दहा वर्षं जगते, पण तिच्यातला मेद सरासरी दीड-पावणेदोन वर्षांत बदलतो. चरबी म्हणजे बंद कोठार नव्हे, रोज आवक-जावक चालणारं दुकान आहे. याच गटाने ५४ स्त्री-पुरुषांच्या चरबीचे नमुने सरासरी १३ वर्षांच्या अंतराने तपासले (२०१९ मध्ये प्रसिद्ध). वजन वाढलेलं असो वा घटलेलं, सगळ्यांमध्येच मेद बाहेर पडण्याचा वेग मंदावला होता. ज्यांनी त्या मानाने आवक कमी केली नाही, त्यांचं वजन सरासरी २० टक्क्यांनी वाढलं. तुमच्या वहीत नेमकं हेच आहे: आवक तीच, जावक मंद.

डॉक्टरांचं वाक्य मात्र मला अर्धवट वाटतं. २०२१ मध्ये ६४०० हून जास्त लोकांच्या मोजमापात, शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर, २० ते ६० वयात ऊर्जेचा एकूण खर्च जवळपास स्थिर दिसला. साठीनंतर तो उतरतो.

गणिती_आळशी

थांबा. खर्च स्थिर, खाणं तेच, मग ११ किलो आले कुठून? चरबी काय हवेतून पडते? दुकान-बिकान ठीक आहे, पण बेरीज जुळायला हवी.

पेशीपुराण

रास्त आहे. बेरीज जुळतेच, पण आकडा किती छोटा आहे बघा. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी. ११ किलो, १२ वर्षं: दिवसाला २० च्या आसपास. (वजन वाढतं तसा खर्चही वाढतो, त्यामुळे खरं गणित इतकं सरळ नाही, पण अंदाज येतो.) एवढा फरक कुठल्या वहीत पकडला जाणार? एक-दोन घासांचा मामला आहे तो. म्हणून ट्रेनरचं म्हणणं अन्यायाचं आहे: वही खोटं बोलत नाही, तिची मोजपट्टी जाड आहे.

चरबी नुसती पडून राहत नाही हेही लक्षात घ्या. ताणाची संप्रेरकं (हार्मोन्स) आली की ती मेद सोडते, इन्सुलिन आलं की थांबते. २०१८ मधल्या स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांच्या त्वचेखालच्या मेदपेशी संप्रेरकाच्या हाकेला कमी ओ देत होत्या, त्यांचं पुढच्या वर्षांत वजन वाढण्याचं प्रमाण जास्त होतं. कारण तेच की फक्त खूण, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, तेव्हा माझं ऐकून चरबीवर फिर्याद ठोकू नका.

सांजवारा

आणि ते व्याजाचे २ किलो?

पेशीपुराण

आकसलेली पेशी लेप्टिन (भूक आवरणारं संप्रेरक) कमी सोडते. मेंदू त्याचा अर्थ 'साठा संपतोय' असा लावतो आणि भूक वाढवतो. वजन उतरवल्यावर वर्षभरानंतरही भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नसतात, हे २०११ मध्ये दिसलं. २०२४ मध्ये झुरिकच्या गटाने आणखी एक पदर उलगडला: वजन उतरल्यावरही मेदपेशींतल्या जनुकांवरच्या लठ्ठपणाच्या खुणा पूर्ण पुसल्या जात नाहीत, आणि अशा उंदरांना पुन्हा चरबीचं खाणं दिलं की ते झपाट्याने फुगतात. पेशीला आठवण राहते म्हणा.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, विशेषतः त्या २० च्या आकड्याबद्दल. ट्रेनरला पाठवलाय, त्याने अंगठा दाखवून विषय संपवला. आता मुद्द्याचं: माझी जावक किती मंद झाली आहे हे मोजता येईल का?

पेशीपुराण

नेहमीच्या लॅबमध्ये नाही. चरबीचा तुकडा काढून कार्बन-१४ मोजावा लागतो, ते संशोधनापुरतंच आहे. व्यायामाने ही उलाढाल वाढते असं आधीच्या अभ्यासांत दिसलंय, तेव्हा चालणं तसंच ठेवून त्यात वजन उचलण्याची भर घाला. आणि काट्यासोबत कमरेचा घेरही वहीत लिहा. चरबी त्वचेखाली साठतेय की पोटातल्या अवयवांभोवती, ते काटा सांगत नाही.

अर्धविराम

घेराचा रकाना आखला. बाराशे पानं झाली तरी हे सुचलं नव्हतं.