व्हीएचएसमधल्या जाहिराती कापायच्या की ठेवायच्या? (इंदूर)

राजवाडा_अँटेना
इंदुरातल्या मराठी घरांतून दूरदर्शनच्या जुन्या कॅसेटी निघतायत, पण नेटवर चढताना त्यांचे तुकडे होतात. मुलांची मालिका ठेवतात, मधल्या जाहिराती गाळतात. माझं म्हणणं उलट आहे. मालिका दुसरीकडे मिळेल, पण त्या संध्याकाळच्या जाहिरातींचा क्रम फक्त त्या कॅसेटीत असतो. तारीखही त्यावरूनच लागते. ‘हमारा बजाज’ दिसलं, तर रेकॉर्डिंग १९८९ च्या आधीचं नाही, मालिका कितीही जुनी असो.

सराफा_रात्री_अकरा
भिया, तीन तासांची ई-१८० कॅसेट सलग बघणार कोण? लोक शोधतात ‘एक चिडिया, अनेक चिडिया’. म्हणजे विजया मुळ्यांची १९७४ ची ‘एक अनेक और एकता’, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. तेवढा तुकडा स्वच्छ करून, साल-नाव लिहून टाका. एआयने मोठा केला तर आजच्या पोरांनाही बघवेल. आणि कायदा? प्रसारणाचा हक्क २५ वर्षांत संपतो, पण जाहिरात ही फिल्म, तिचा हक्क ६० वर्षं. सगळं सलग टाकाल तर एका जाहिरातीपायी अख्खा व्हिडिओ उडेल.

पाचवा_स्क्रू
कायद्याचा मुद्दा रास्त. एआयचा नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेने तपशील जेमतेम २४० रेषांचा. उरलेलं यंत्र मनाने भरतं. चेहरे मेणाचे होतात आणि खालच्या देवनागरी पाटीतल्या मात्रा भलत्याच होतात. पडदा भरायला १६:९ मध्ये कापणं त्याहून वाईट: चित्राच्या ५७६ ओळींपैकी १४४ गेल्या, म्हणजे किंमत आणि घोषवाक्यच गेलं.

सराफा_रात्री_अकरा
मग ते दातरे तसेच ठेवायचे? हात हलला की कडेला कंगवा दिसतो.

पाचवा_स्क्रू
तोच कंगवा वाचायचा असतो. व्हिडिओ थांबवून एकेक फ्रेम पुढे सरका. हलत्या हाताला दात दिसले तर ते स्टुडिओत व्हिडिओवर टिपलेलं: सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं. तिथे डीइंटरलेस करा, म्हणजे बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम करून ५० फ्रेम करा आणि १४४०×१०८० करून चढवा, कारण ७२० ओळींच्या खाली यूट्यूब ५० फ्रेम दाखवतच नाही. दात नसले तर ते फिल्मवरून आलेलं, बऱ्याच जाहिराती तशाच. त्याला हात लावू नका, उगाच तपशील जातो. एकाच कॅसेटीत दोन्ही असतं, म्हणून आंधळेपणाने एक फिल्टर सगळ्यावर फिरवला की अर्धं बिघडतं.

राजवाडा_अँटेना
फिल्मच्या भागालाही कधी दात येतात ना?

पाचवा_स्क्रू
येतात. फील्डची जोडी एका पावलाने सरकलेली असते. फील्ड-मॅच करा, म्हणजे मूळ जोड्या परत जुळवा; डीइंटरलेस नको.

खजराना_क्लिप्स
आधी कॅसेट तर चालू द्या! खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर व्हीसीआरमध्ये घालूच नका. ती बुरशी; ती व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या दहा कॅसेटींना लागते. मास्क लावून, घराबाहेर, खालचे पाच स्क्रू काढा, कोरड्या लिंटविरहित कापडाने पुसा. मग दोन-तीन दिवस सिलिका जेलसोबत बंद डब्यात. पावसाळ्यात हे काम नकोच.

राजवाडा_अँटेना
ठीक, तडजोड: कॅसेटीवरून संगणकात घेतलेलं मूळ कॅप्चर सलग, न कापता, लॉसलेस (दर्जा न घटवता). तासाला ३०-४० जीबी, हार्ड डिस्कवर. नेटवर तुकडे.

सराफा_रात्री_अकरा
तुकडे चालतील. पण त्या डिस्कची दुसरी प्रत कोणाकडे, तेवढं आधी ठरवा.