रंकाळ्यावर रोइंग रुजलं का नाही

वर एकाने म्हटलंय की कोल्हापुरात पाण्यातल्या खेळांची परंपराच नाही, रंकाळा तलावावर नुसत्या पॅडल बोटी. रोइंगपुरतं मान्य, पण बाकी अजिबात नाही हो. ऑलिंपिकची रोइंग शर्यत 2000 मीटरची असते, तेवढी सरळ लांबी रंकाळ्यात बसतच नाही, आणि केंदाळ (जलपर्णी) वाढलं की वल्ह्याचं पातं त्यात अडकून बसतं, मग स्पीड कुठला येणार.

पण पोहणं बघा की! पंचगंगा घाटावर, विहिरीवर पाठीला डबा नाहीतर पोटाला ट्यूब बांधून पोरं पाण्यात ढकलायची, महिन्याभरात डबा सुटला की तीच पोरं कठड्यावरून सूर आणि मुटके मारणार, असंच आख्खं गाव पोहायला शिकलंय. ह्याच गावचा वीरधवल खाडे 2008 ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा 17 वर्षांचासुद्धा नव्हता, आणि 2010 च्या एशियाडला 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं ब्राँझ काढलं, पोहण्यात भारताला 1986 नंतर मिळालेलं ते पहिलं एशियाड मेडल. आणि रोइंगचं म्हणाल तर त्यात 500 मीटरच्या स्प्रिंटपण असतात, तेवढं पाणी रंकाळ्यात आरामात आहे, फक्त केंदाळ आणि सांडपाणी आधी थांबवायला पाहिजे.