१८५/६५ काढून १९५/६५ : गोव्याच्या रस्त्यांसाठी टायर एक साइज मोठा घ्यावा का?

फोंडा_पणजी
पेट्रोल हॅचबॅक, कंपनीच्याच १५ इंची अलॉयवर १८५/६५ आर १५, ८८ एच (किती वजन आणि वेग पेलतो त्याचा संकेत). टायर गुळगुळीत झालेत, चवथीच्या आधी चारही बदलायचे आहेत. रिम तीच राहणार. म्हापशाचा टायरवाला म्हणतो, "१९५/६५ घाला, सगळे तेच घालतात, गाडी रस्ता धरून चालते." माझं रोजचं फोंडा-पणजी, अधूनमधून चोर्लातून बेळगाव. कल १९५ कडे आहे, आणि खरं कारण म्हणजे गतिरोधक. आमच्या वाड्यावरच्या एकावर मागे तीन माणसं बसली की गाडीचं पोट घासतंच. विरोध असेल तर कारण लिहा. 'कंपनीला कळत नाही काय' एवढंच नको.

रिम_बघा
विरोध. कारण घ्या.

१८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के. १८५/६५ ची भिंत १२० मिमी, पूर्ण चाक ६२१.५ मिमी. १९५/६५ ची भिंत जवळजवळ १२७, चाक ६३४.५. फरक १३ मिमी, म्हणजे २.१ टक्के. गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, साडेसहा मिमी. आता तुमचे टायर गुळगुळीत म्हणता, म्हणजे नक्षी दोनेक मिमी उरली असणार. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिमी असते. नुसते नवे १८५ घातले तरी गाडी पाच-सहा मिमी वर येते. ज्या उंचीसाठी साइज बदलताय ती साइज न बदलताच बरीचशी मिळतेय.

चोर्लावाला
हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. नवे टायर तर घ्यायचेच आहेत. मग १८५ घेऊन सहा मिमी, की १९५ घेऊन साडेबारा? आणि प्रश्न फक्त उंचीचा नाही. उसगाव-धारबांदोडा पट्ट्यात खड्ड्याची कड कशी असते ते तिथे गाडी चालवणाऱ्याला विचारा. भिंत उंच असली की धक्का रबर खातं, अलॉयची कड वाचते. आमच्या घरच्या गाडीला १९५/६५ आहेत, घाटात वळणावर गाडी बसून चालते. लोड इंडेक्सही ८८ वरून ९१, म्हणजे एका टायरमागे ५६० किलोऐवजी ६१५. यात तोटा कुठे?

रिम_बघा
तोटा रिमवर लिहिलेला असतो. चाकाच्या आत किंवा मागच्या बाजूला '१५ x ५.५ जे' किंवा '६ जे' असं कोरलेलं असतं, ते आधी वाचा. १९५/६५ साठी चालणारी रिम साडेपाच ते सात इंच रुंद. तुमची साडेपाच असेल तर बसेल, पण अगदी खालच्या टोकाला. भिंती फुगून बाहेर येतात, आणि टायरची कागदावरची रुंदीही पूर्ण मिळत नाही, कारण ती सहा इंची रिमवर मोजलेली असते. रिम पाच इंची निघाली तर विषय संपला, दुकानदार काहीही म्हणो.

आणि पाऊस विसरू नका. जून ते सप्टेंबर आपण पाण्यातच गाडी हाकतो. तेवढीच हवा, तेवढीच नक्षी असेल तर रुंद टायर पाण्यावर आधी तरंगतो, अरुंद टायर पाणी कापत जातो. 'रस्ता धरून चालते' हे कोरड्या रस्त्याचं बोलणं झालं.

चोर्लावाला
दहा मिमीने गाडी तरंगत नाही हो. तरंगते ती झिजलेल्या नक्षीमुळे. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे म्हणून लोक तिथपर्यंत ताणतात आणि भर पावसात ब्रेक मारतात. तीन मिमीला बदलले तर १९५ काय नि १८५ काय.

सांगेकार
टायरवाल्याने १९५ सुचवलं कारण दुकानात तेच पडून असेल. भिंतीवर 'DOT' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. आधी ते बघा, मग रुंदीवर भांडा.

मडगाव_मेल
मधला मार्ग: १९५/६० आर १५. चाक ६१५ मिमी, मूळपेक्षा फक्त एक टक्का लहान, स्पीडोमीटरला धक्का नाही.

चोर्लावाला
मडगावबाब, त्याची भिंत ११७. गाडी तीन मिमी खाली जाणार आणि अलॉयची कड खड्ड्याच्या आणखी जवळ येणार. त्यांचं दुखणं गतिरोधक आहे. हा इलाज उलटा झाला.

रिम_बघा
इथे चोर्लावाल्याशी सहमत, नोंद घ्यावी.

स्पीडोमीटरचं मात्र खरं आहे. १९५/६५ वर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन टक्के जास्त पळत असेल. बहुतेक काटे मुळात थोडं चढवून दाखवतात, त्यामुळे चलन होण्याइतका फरक नाही. पण ओडोमीटरही तेवढाच कमी मोजतो. म्हणून 'रुंद टायर घातल्यावर मायलेज १८ वरून साडेसतरावर आलं' म्हणणाऱ्यांचं बरंचसं नुकसान कागदावरचंच असतं. किलोमीटरला १.०२ ने गुणून मग बोला.

कागदपत्रवाला
कायद्याचं कोणीच बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नको. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. तिथे तुमच्या मॉडेलला दोन साइज दिल्या असतील तर दुसरी निर्धास्त घ्या. नसेल तर उद्या अपघातात विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोट ठेवायला जागा कशाला द्यायची?

चोर्लावाला
टायरच्या दहा मिमीवरून अडवलेला एक तरी माणूस दाखवा.

कागदपत्रवाला
अडवतील तेव्हा तुम्ही याल का सही करायला?

फोंडा_पणजी
रिम बघितली, साडेपाच जे. स्टिकरवर एकच साइज. झीज दोन्ही खांद्यांवर आहे, मधे नक्षी जरा बरी.

रिम_बघा
दोन्ही खांदे गेले म्हणजे हवा कमी होती. एकच खांदा गेला असता तर अलाइनमेंट म्हटलं असतं. कमी हवेवर भरली गाडी आणखी बसते, पोट घासण्यात तिचाही वाटा असणार. शिवाय मागच्या स्प्रिंगा थकल्यात का ते बघा. चौघांत घासणारी गाडी टायरने बरी होत नाही. माझं मत १८५, स्टिकरवर लिहिलेली हवा, ती थंड टायरवर मोजायची.

सांगेकार
स्टेपनी? ती १८५ च राहणार ना? पुढच्या चाकांना एकीकडे १९५ आणि दुसरीकडे १८५ लावून बेळगाव गाठू नका, डिफरेन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) सतत काम लागतं. पुढे पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे, स्टेपनी मागे.

फोंडा_पणजी
स्प्रिंगांचं डोक्यात नव्हतं, गॅरेजला दाखवतो. पण १९५ चा मोह अजून आहे. दोनच पुढे चढवून, मागे माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून रिव्हर्स घेतो. आतल्या प्लॅस्टिकला घासलं तर १८५.

चोर्लावाला
घासणार नाही, पैज.

सांगेकार
पैज नंतर. एकदा रिमवर चढवलेला टायर दुकानदार सहसा परत घेत नाही. आधी बोलून घ्या आणि पावतीवर लिहून घ्या.