डिलिव्हरीवाल्यांसाठी कर्नाटकासारखा कायदा आपल्याकडे हवा का?

सांजवात, कोथरूड
परवा रात्री साडेदहाला पार्सल घेऊन आलेला मुलगा पाकीट हातात देऊन जिन्याच्या पायरीवरच बसला. आयडी ब्लॉक झाल्याचा मेसेज नुकताच आला होता. कारण काय, तर आधीच्या ऑर्डरमधलं सांबार सांडलं. डबा बांधला हॉटेलने, याने पिशवी उघडूनही पाहिली नव्हती. हेल्पलाइनला फोन लावला तर यंत्रच बोलत होतं. पाणी प्यायला, गाडीचा हप्ता पाच तारखेला आहे म्हणाला आणि गेला.

कर्नाटकाने २०२५ मध्ये आधी वटहुकूम आणि मग कायदा करून काही हक्क दिलेत. काम बंद करायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. ॲप कशाच्या आधारे काम देतं, रेटिंग कसं लावतं, हे विचारता येतं, आणि उत्तर कामगाराला कळेल अशा भाषेत द्यायचं. म्हणजे बेळगावातला पोरगा मराठीतही मागू शकतो. कल्याण मंडळ वगैरे ठीक आहे, पण मला हा नोटिशीचा हक्क जास्त मोलाचा वाटतो. १९६९ मध्ये माथाडी कायदा करणारं राज्य आपलं. मग घोडं कुठे अडलंय?

तवा_गरम, डोंबिवली
घोडं पैशावर अडलंय. मी बारा टेबलांचं हॉटेल चालवतो. कमिशन, जाहिरात आणि 'ऑफर'मधला माझा वाटा जाऊन हातात काय उरतं ते मला विचारा. त्यात कर्नाटकात दर ऑर्डरमागे १ ते ५ टक्के कल्याण फी. कंपनी ती स्वतःच्या खिशातून भरणार असं वाटतं का? शेवटी गिऱ्हाईकाच्या नाहीतर माझ्या बोकांडी. आणि माथाडीचं नाव काढलंत म्हणून सांगतो, कायदा चांगलाच होता, पण पुढे बोगस माथाडींनी कारखान्यांच्या दारात खंडणी मागितली, तेही याच राज्यात.

सांजवात
फी बिलावर नाही हो, रायडरला मिळणाऱ्या रकमेवर आहे. त्याला ४० रुपये मिळाले तर ४० पैसे ते २ रुपये. तेवढ्याने तुमची मिसळ महागत नाही. खंडणीचा मुद्दा मान्य.

कलम_पोटकलम
पण केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचेत. वर प्रत्येक राज्याचं वेगळं मंडळ, वेगळी फी, वेगळा फॉर्म कशाला?

सांजवात
संहिता विमा-पेन्शनची बाजू बघते. रात्री साडेदहाला आयडी बंद झाला तर ती काय करणार?

क्वीन्सचा_पाहुणा, न्यूयॉर्क
आमच्याकडे राज्यानेही नाही, शहराने नियम केले. कंपन्या कोर्टात गेल्या, तरी २०२३ च्या अखेरीस किमान मोबदला लागू झाला. एप्रिल २०२५ मध्ये तो तासाला २१.४४ डॉलर झाला. ऑर्डर उचलायला गेलेल्या रायडरला हॉटेलने स्वच्छतागृह वापरू द्यायचं, हाही नियम आहे. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण जानेवारीतल्या थंडीत आठ तास सायकलवर काढून बघा. मात्र कंपन्याही गप्प बसल्या नाहीत. टिपचं बटण ऑर्डर झाल्यानंतर दाखवायला लागल्या, आणि एका वेळी किती जणांनी लॉगिन करायचं यावर बंधन आलं. कायदा झाला की ॲपही बदलतं, एवढं धरून चला.

मागची_सीट
मी तीन वर्षं बॅग वाहिली, आता सोडलं. सगळे नोटिशीबद्दल बोलताय, पण ब्लॉक करायची गरजच काय? आयडी चालू ठेवायचा आणि ऑर्डर पाडायची नाही. सिग्नलच्या कडेला दोन तास उभं राहायचं, फोन वाजतच नाही. ही कसली नोटीस मागणार? म्हणून ॲप काम कसं वाटतं ते सांगण्याचं कलम खरं कामाचं. ते राबवलं तर. नाहीतर '१४ दिवस' कागदावर.

तवा_गरम
हे मात्र बरोबर बोललात. माझंही हॉटेल यादीत एकदम खाली गेलं. का, ते विचारलं तर जाहिरात घ्या म्हणाले. मला कोण देतंय १४ दिवस? तरी मंडळाला माझा विरोध कायम. हिशोब उघड करायला लावा, दोघांसाठी. मी सही करतो.

मागची_सीट
सांजवात काका, एक विचारू? तो पोरगा जिन्याच्या पायरीवर बसला म्हणालात. लिफ्ट बंद होती का?

सांजवात
चालू होती. 'डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा' अशी पाटी आहे खाली. मी कमिटीत असतानाच लागली.