ट्यूशन एक्स्चेंजवर कॉलेजं निवडायची आहेत, मुलगी सांगलीत अकरावीला आहे. यादी कशी करावी?

विश्रामबागची_आई

नमस्कार. मिस्टर पेनसिल्व्हेनियातल्या एका खासगी विद्यापीठात आठ वर्षं नोकरीला आहेत. घरच्या अडचणीमुळे मी आणि मुलगी सध्या सांगलीत राहतो. मुलगी जन्माने अमेरिकन नागरिक आहे. इथे अकरावी सायन्सला, स्टेट बोर्ड. दहावीला ९४ टक्के. पदवीसाठी ती तिकडे जाणार हे नक्की.

मिस्टरांच्या विद्यापीठात कर्मचाऱ्यांच्या मुलांना ट्यूशन एक्स्चेंजची सवलत आहे, म्हणजे योजनेतल्या दुसऱ्या कॉलेजात शिकलं तर ट्यूशन फी माफ किंवा कमी होते. एचआरने एक पत्रक पाठवलं, पण त्यातून नीट अंदाज येत नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रवेश मिळाला म्हणजे सवलतही मिळालीच का? कॉलेजांची यादी कुठून सुरू करायची? आणि इथल्या ज्युनिअर कॉलेजच्या कागदपत्रांचं काय? माहितगारांनी कृपया सविस्तर सांगावं.

कृष्णाकाठ

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. बहुतेक पालकांची गल्लत इथेच होते. हा नोकरीतला हक्क नाही, ही स्पर्धेतून मिळणारी शिष्यवृत्ती आहे. मध्ये दोन दारं आहेत आणि दोन्ही उघडावी लागतात.

पहिलं दार मिस्टरांच्या विद्यापीठाचं. सदस्य कॉलेजांना बाहेर पाठवलेली मुलं आणि बाहेरून घेतलेली मुलं यांचा मेळ राखावा लागतो. पाठवणं म्हणजे एक्स्पोर्ट, घेणं म्हणजे इम्पोर्ट. त्यांच्या विद्यापीठातून जास्त मुलं बाहेर गेली असतील तर यंदा किती जणांना पाठवायचं यावर मर्यादा येते, आणि मग बहुतेक ठिकाणी नोकरीची वर्षं पाहून क्रम लावतात. आठ वर्षं चांगलीच आहेत, पण त्यांच्यापुढे वीस वर्षं झालेले किती जण रांगेत आहेत ते विचारा.

दुसरं दार तिकडच्या कॉलेजचं. मुलीला प्रवेश द्यायचा की नाही हे एक खातं ठरवतं, एक्स्चेंजची जागा द्यायची की नाही हे वेगळं ठरतं. प्रवेश मिळून एक्स्चेंज नाकारलं गेलं, असं दरवर्षी पुष्कळ मुलांच्या बाबतीत होतं. मोठ्या नावाच्या ठिकाणी जागा मोजक्या आणि अर्ज शेकड्यांनी.

म्हणून यादी कॉलेजपासून सुरू करू नका, मिस्टरांच्या ऑफिसपासून करा. प्रत्येक सदस्य संस्थेत यासाठी एक लिएझन ऑफिसर असतो, बहुधा एचआरमध्ये किंवा फायनान्शियल एडमध्ये. त्याला ईमेलवर हे विचारा, तोंडी नको:

– आपली संस्था नेमक्या कोणत्या योजनांत आहे? ट्यूशन एक्स्चेंज ही एक, सीआयसीची (स्वतंत्र खासगी कॉलेजांच्या संघटनेची) योजना दुसरी, जेसुइट कॉलेजांची फॅचेक्स तिसरी. एकाच संस्थेत दोन-दोन योजनाही असतात.
– यंदा किती जणांना एक्स्पोर्टची परवानगी आहे?
– अर्जाची शेवटची तारीख कोणती? ही तारीख प्रवेशाच्या तारखेच्या बरीच आधी असू शकते आणि ती चुकली तर पुढचं सगळं खुंटतं.
– नोकरी सुटली किंवा बदलली तर चालू सत्राचं काय?
– स्वतःच्याच विद्यापीठात मुलगी शिकली तर किती माफी?

शेवटचा प्रश्न विसरू नका. घरच्या विद्यापीठातली माफी बहुतेक ठिकाणी एक्स्चेंजपेक्षा खात्रीची असते. यादीत ते एक नाव पाय रोवायला असलंच पाहिजे.

मिरज_जंक्शन

वरचं सगळं बरोबर. सीआयसीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक ती योजना दुय्यम समजून सोडून देतात.

ट्यूशन एक्स्चेंजमध्ये सदस्य सातशेच्या आसपास आहेत. त्यात सदर्न कॅलिफोर्निया, सिराक्यूज अशी मोठी विद्यापीठंही आहेत. हार्वर्ड, येल, एमआयटी, स्टॅनफर्ड नाहीत, त्यांची नावं यादीत धरूच नका. सीआयसीच्या योजनेत चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, बरीचशी लहान. पण तिथे पाठवणं-घेणं यांचा मेळ राखायची अट नाही. प्रत्येक कॉलेजला वर्षाला किमान तीन नवी मुलं घ्यावी लागतात आणि मिळाली तर पूर्ण ट्यूशन माफ होते.

ट्यूशन एक्स्चेंजमध्ये तसं सगळीकडे नसतं. महागडी कॉलेजं पूर्ण ट्यूशनऐवजी 'सेट रेट' देतात. हा आकडा योजना दरवर्षी ठरवते, अलीकडे तो ४० हजार डॉलरच्या घरात आहे. आता समजायला एक हिशोब मांडतो, आकडे नमुन्याचे आहेत.

मोठं विद्यापीठ: ट्यूशन ६२ हजार, सेट रेट ४२ हजार. खिशातून २० हजार. वर होस्टेल-मेस १८ हजार, इतर फी २ हजार. एकूण ४० हजार डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर वर्षाला ३४ लाख.

लहान कॉलेज, सीआयसी: ट्यूशन शून्य. होस्टेल-मेस १३ हजार, इतर फी १ हजार. एकूण १४ हजार, म्हणजे ११ लाख ९० हजार.

दोन्हीकडे 'सवलत मिळाली' असंच म्हणायचं, पण चार वर्षांत फरक ८८ लाखांच्या पुढे जातो. होस्टेल, मेस, विमा, पुस्तकं, विमानाचं तिकीट यांना ही सवलत लागू नाही. म्हणून एक्सेलमध्ये 'ट्यूशन किती' असा रकाना ठेवू नका, 'खिशातून किती' असा ठेवा.

आणखी एक. एक्स्चेंज मिळालं की कॉलेजची गुणवत्ता शिष्यवृत्ती बहुतेक ठिकाणी त्यातच जिरते, वर वेगळी मिळत नाही. त्यामुळे ९४ टक्क्यांच्या मुलीला एखाद्या कॉलेजने ३० हजारांची गुणवत्ता शिष्यवृत्ती दिली आणि तिथली ट्यूशन ३५ हजार असेल, तर एक्स्चेंजच्या रांगेत अडकायचं कारणच उरत नाही. अशी दोन-तीन कॉलेजं यादीत मुद्दाम घाला.

कराचं विचारलं नाहीत, तरी सांगतो: पदवीपर्यंतची ही ट्यूशन माफी तिकडच्या आयकर कायद्याच्या कलम ११७ (ड) खाली अटी पाळल्या तर करमुक्त असते.

आयर्विन_पूल

कागदपत्रांबद्दल लिहितो. सांगलीतून अर्ज करताना घोळ इथेच होतो.

तिकडे नववी ते बारावी अशी चार वर्षांची प्रगती मागतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे दोन ठिकाणी हेलपाटे. नववीची गुणपत्रिका बऱ्याच घरांत सापडत नाही. शाळेकडून आत्ताच दुय्यम प्रत घ्या, शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असलेली. टक्क्यांचं जीपीए (तिकडची सरासरी गुणश्रेणी) स्वतः करू नका. गुण आहेत तसे पाठवायचे, रूपांतर कॉलेजवाले त्यांच्या पद्धतीने करतात.

कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणी भरायचा ऑनलाइन अर्ज) 'काउन्सेलर' म्हणून शाळेतलं कोणीतरी लागतं. आपल्या कॉलेजांत असं पद नसतं, तिथे प्राचार्य किंवा उपप्राचार्य चालतात. पण ईमेल कॉलेजच्या नावाचा असावा. खासगी जीमेलवरून आलेली शिफारस तिकडे पडताळणीत अडकू शकते. प्राचार्यांकडे तसा ईमेल नसेल तर ऑफिसला जूनमध्येच विनंती करा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांत ऑफिसात कोणी भेटत नाही आणि अर्जांची घाई नेमकी तेव्हाच असते.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. तिकडे १ मेपर्यंत जागा नक्की करावी लागते. म्हणजे बारावीचा निकाल हातात नसतानाच निर्णय होतो. त्यासाठी प्राचार्यांकडून अपेक्षित गुणांचं पत्र आणि जानेवारीतल्या सराव परीक्षेचे गुण पाठवतात. इथे सराव परीक्षा हलक्यात घ्यायची सवय आहे. या मुलीसाठी तीच खरी परीक्षा समजा. अकरावीचंही तेच, कारण नोव्हेंबरच्या अर्जात शेवटचे पक्के गुण अकरावीचेच असतात.

सॅट ही तिकडची प्रवेशपरीक्षा द्यायची असेल तर सांगलीत केंद्र मिळेल असं धरून चालू नका. पुण्या-मुंबईची तयारी ठेवा आणि ऑगस्टची तारीख गाठा.

लिएझन ऑफिसरशी बोलायचं तर तिकडे उन्हाळ्यात आपली संध्याकाळी साडेसहा म्हणजे तिथले सकाळी नऊ. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेसात.

विश्रामबागची_आई

तिघांचेही मनापासून आभार. आजच मिस्टरांना प्रश्नांची यादी पाठवली. अजून एक शंका. इथल्या एका सल्लागाराने सांगितलं की 'अर्ली डिसिजन'ने अर्ज केला तर प्रवेशाची शक्यता वाढते, म्हणून सर्वांत आवडत्या कॉलेजला तोच करा. करावा का?

कृष्णाकाठ

एक्स्चेंजवर भिस्त असेल तर करू नका, ताई. अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाला की जायचं बंधन असतं, बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. निकाल डिसेंबरात लागतो. एक्स्चेंजचे निकाल मात्र बहुतेक कॉलेजं फेब्रुवारी-मार्चनंतर देतात. मधल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही बांधल्या गेलेल्या असता आणि फी किती भरायची हे कोणालाच माहीत नसतं. पैशाच्या कारणाने बाहेर पडता येतं, पण तोवर इतर ठिकाणच्या मुदती उलटून गेलेल्या असतात.

'अर्ली ॲक्शन' वेगळं. त्यात बंधन नाही आणि काही कॉलेजं एक्स्चेंजसाठी लवकर आलेले अर्जच आधी पाहतात. यादीतल्या प्रत्येक कॉलेजला तो पर्याय आहे का ते बघा. असेल तर १ नोव्हेंबरची मुदत धरून चाला. कॉमन ॲपमध्ये ही मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेने, म्हणजे सांगलीच्या घड्याळाने रात्री ११:५९ला संपते. पण एक्स्चेंजचा अर्ज कॉमन ॲपमध्ये नसतो, तो योजनेच्या संकेतस्थळावर वेगळा भरायचा. तो आधी मिस्टरांच्या लिएझन ऑफिसरकडे जातो आणि त्याने मंजूर केला की मगच तिकडच्या कॉलेजला दिसतो. कॉमन ॲप भरून निवांत बसलेले पालक इथेच फसतात.

मिरज_जंक्शन

एक भर. प्रत्येक कॉलेजच्या लिएझन ऑफिसरला दोन ओळींचा ईमेल टाका: मागच्या वर्षी किती अर्ज आले, किती जणांना दिलं, आणि फॅफ्सा (तिकडच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरणं सक्तीचं आहे का. मुलगी नागरिक असल्यामुळे फॅफ्सा भरता येईल, तो साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. आणखी एक प्रश्न अभ्यासक्रमाचा. नर्सिंग, फार्मसी, पाच वर्षांचं आर्किटेक्चर असे काही अभ्यासक्रम अनेक ठिकाणी एक्स्चेंजमधून वगळलेले असतात. सवलत साधारण आठ सत्रांपुरती असते, दरवर्षी नूतनीकरण होतं आणि ठरलेला जीपीए राखावा लागतो. मुलीला कोणत्या शाखेला जायचंय?

विश्रामबागची_आई

फार्मसीचाच विचार आहे तिचा.

मिरज_जंक्शन

मग आधी तोच प्रश्न विचारा. तिकडे फार्मसी सहा वर्षांची असते आणि शेवटची चार वर्षं व्यावसायिक पदवीची धरतात. अनेक ठिकाणी सवलत फक्त पहिल्या दोन वर्षांना लागू पडते. चार वर्षांची रसायनशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्राची पदवी एक्स्चेंजवर आणि त्यानंतर फार्मसी, असा दुसरा रकाना एक्सेलमध्ये शेजारी मांडून बघा. दोन वर्षं जास्त लागतील, पण पूर्ण फी भरायची वर्षं तेवढीच राहतात आणि शाखा बदलायचा रस्ता उघडा राहतो.