पैसे मोजून घेतलेल्या गेमची भाषा बदलली तर बिघडलं कुठे?

पंचवटीकर
भाच्याला नातेवाइकांनी जपानहून निन्टेन्डो थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल आणून दिला. सोबतच्या पोकेमॉन वाय या गेममध्ये सुरुवातीलाच इंग्रजी निवडता येते, म्हणून पोरगं खूश. पण कन्सोलचा मेनू जपानी, तो बदलायची सोय नाही आणि बाकीचे गेमही फक्त जपानीत. कॉलेज रोडच्या मित्राचं अमेरिकन गेमचं कार्ट्रिज घालून पाहिलं, ते उघडतच नाही. रीजन लॉक, म्हणजे एका प्रदेशातला गेम दुसऱ्या प्रदेशाच्या कन्सोलवर चालू न देणारं कुलूप! माझं मत स्पष्ट आहे: वस्तू विकत घेतली की तिची भाषा ठरवायचा हक्क घेणाऱ्याचा. त्यासाठी कन्सोल मॉड करावा, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर बदलावं लागलं तरी हरकत नसावी. २०१७ च्या स्विच या कन्सोलला याच कंपनीने रीजन लॉक ठेवलं नाही, म्हणजे त्यावाचून काही अडत नव्हतं.

त्रिमूर्ती चौक
अजिबात पटलं नाही. लॉकमागे किमतीचं गणित असतं. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ घ्या. आला तेव्हा जपानमध्ये फक्त जपानी भाषेचा कन्सोल ४९,९८० येनला होता, सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला. स्वस्तातला घ्यायचा आणि वर भाषेची अटही मोडायची, हे मला खटकतं. शिवाय मॉड केलेल्या कन्सोलवर ऑनलाइन बंदी येऊ शकते, ते वेगळंच.

पंचवटीकर
स्विच २ ची अट विकतानाच सांगितली आहे, तिथे तुमचं म्हणणं मान्य. पण जपानी थ्रीडीएसला बहुभाषी पर्याय दिलाच कुठे होता? जादा पैसे मोजायची तयारी असली तरी घेणार काय? आणि बंदी कशावर घालणार? त्याचं ई-शॉप, म्हणजे गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान, मार्च २०२३ मध्ये बंद झालं, ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये.

सातपूरकर
हक्काचं नंतर बोलू, आधी होतं काय ते बघा. मॉड केलेल्या थ्रीडीएसवर ल्युमा नावाचं सॉफ्टवेअर असतं. त्यात त्या गेमच्या आयडीच्या फोल्डरमध्ये लोकेल नावाची छोटी टेक्स्ट फाइल ठेवायची. आत फक्त प्रदेश आणि भाषेचा कोड, म्हणजे 'यूएसए ईएन'. मग गेमला वाटतं आपण अमेरिकन कन्सोलवर चालतोय. पण कार्ट्रिजमध्ये इंग्रजी मजकूर भरलेलाच नसेल तर तो येणार कुठून? तिथे चाहत्यांचा अनुवादच कामी येतो. 'दाई ग्याकुतेन साइबान' हा गेम जपानमध्ये २०१५ ला आला, अधिकृत इंग्रजी आवृत्ती थेट २०२१ ला. मधल्या काळात चाहत्यांनी खपून तो इंग्रजीत आणला आणि तो अनुवाद फुकट दिला. अशा माणसांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्रिमूर्ती चौक
त्यांना मीही चोर म्हणत नाही. पण आपल्या शहरात मॉड म्हणजे काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. ओळखीच्या मुलाने एका दुकानात भाषेसाठी कन्सोल दिला, काउंटरवरच्याने न विचारता मेमरी कार्ड फुकटच्या गेम्सनी भरून दिलं. ज्यांनी वर्षानुवर्षं राबून ते गेम बनवले त्यांच्या हातात काय पडलं?

गोदाकाठ
कायदा नेमका इथेच फरक करतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. स्वतःचं कार्ट्रिज समजावं म्हणून केलेली खटपट आणि कार्डभर चोरीचा माल, दोन्ही एका मापाने मोजू नका.

त्रिमूर्ती चौक
हेतू सिद्ध कोण करणार? तो दुकानदारही भाषेचंच नाव पुढे करेल. माझा विरोध कायम.

सातपूरकर
म्हणूनच दुकानात देऊच नका. @पंचवटीकर, करायचं ठरलं तर आधी कार्डाचा बॅकअप घ्या. आणि भाच्याला सांगा, पोकेमॉनमध्ये भाषा एकदा निवडली की सेव्ह पुसल्याशिवाय बदलत नाही.