'फायरआबेंड'ला मराठीत काय म्हणाल? संथ की निवांत?

रानजाई: लोकहो, एक अडलंय. आम्ही जर्मनीत हॅनोव्हरला असतो, इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय. त्यात 'इथे आल्यापासून आमचं घर निवांत झालं' असं होतं, तर संपादक काकांनी ते खोडून 'आमचे कौटुंबिक जीवन संथ झाले' केलं. सासूबाई म्हणाल्या, संथ तर सिरियली असतात गं. मला सांगायचंय ते फायरआबेंडबद्दल, म्हणजे ऑफिस सुटलं की पुढचा वेळ तुमचा, निघताना लोक एकमेकांना 'शोएनन फायरआबेंड' म्हणतात आणि नवरा सहाच्या आत घरी, म्हणजे खरंच घरी, लॅपटॉप बंद. रात्री बहुतेक वेळा गॅस पेटतच नाही, पाव, चीज, काकडीच्या चकत्या, मुळा. मुलगी आपल्या पावाला आपणच लोणी लावत बसते, कडेपर्यंत, आणि तिला कोणी 'आटप' म्हणत नाही. ह्या सगळ्याला एक शब्द द्या.

कोल्लापुरी_पांढरा: निवांतच की ओ. आमच्याकडं 'काय चाललंय'ला उत्तरच 'निवांत' असतंय, मग घरात आग का लागंना. संथ नदी असती. न्हाईतर 'बैजवार' लिवा. बैजवार बसून जेवणं.

अवग्रह: निवांत हे मूळचे 'निवात', वारा नसलेली जागा. गीतेत सहाव्या अध्यायात आहे, 'यथा दीपो निवातस्थो'. घराला ते कसे लावणार? प्रतिशब्दच हवा तर 'कार्योत्तर काळ' घ्या. कृपया कोणी 'फुरसत' सुचवू नये, अरबी आहे.

भोंगा_परळ: कार्योत्तर?? अहो ती मंजुरी असते, आधी पैसे उडवायचे मग फायलीवर सही घ्यायची. बिचाऱ्या नवऱ्याला घरी येऊ द्या.

म्हापशेकार: सुशेगाद आहे की. पोर्तुगीजमधून आलाय, पण जाहिरातवाल्यांनी पार आळशी करून टाकला. आमच्याकडे सुशेगाद माणूस कामं सगळी करतो, फक्त ऊर फुटेस्तोवर धावत नाही. (एक ते चारचा पुणेरी विनोद कोणी करू नका प्लीज, झिजलाय तो.)

अवग्रह: अरबी नको तर पोर्तुगीज कसा चालेल?

म्हापशेकार: मग पाव, बटाटा, चावी आणि बादली उद्यापासून सोडा.

तिखटजाळ: दिवेलागण? छान घरगुती शब्द आहे.

रानजाई: आवडला, पण इथे जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो, पोरगी तेव्हा पडदे ओढून झोपलेली. आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार, नवरा मीटिंगमध्ये.

भोंगा_परळ: ताई, शब्द तुम्हीच वर लिहिलाय, 'सुटलं'. शाळा सुटली, ऑफिस सुटलं, गिरणी सुटली. आमच्या आज्ज्याचा सगळा दिवस ह्या एका क्रियापदावर टांगलेला असायचा. आणि हे निवांतबिवांत आपोआप होत नाही, मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली तीसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगार उभे केले म्हणून. तुमच्या जर्मनीत तर रविवारची विश्रांती १९१९ च्या वायमार घटनेत लिहिलेली आहे आणि ते कलम आजच्या घटनेतही तसंच ठेवलंय. म्हणून दुकानं बंद. स्वभाव वगैरे काही नाही.

तिखटजाळ: 'फायर' म्हणजे सण ना पण? जर्मनच्या क्लासात सांगितलं होतं, आधी सणाच्या आदल्या संध्याकाळला म्हणायचे. मग सुटण्यात सण कुठे आला?

भोंगा_परळ: पगाराच्या दिवशी परळला आला असतात तर दिसला असता.

काकूबाई_नागपूर: शब्द राहू दे बाजूला, आधी मला सांग निवांत कोण आहे? आमच्याकडे बाई दिवसभर ओट्यापाशी असली की बाकीचे म्हणतात, आज कसं निवांत वाटून राहिलं!

रानजाई: काकू, पॉइंट आहे. गॅस न पेटणं हाच माझा निवांत. पण कामाला बाई नाही, शनिवारी दोघं मिळून बाथरूम घासतो. रविवारी ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. आई आली होती तेव्हा खिडकीत बसून विचारत होती, आज बंद आहे का गं, कोणी पुकारलाय? तिला ते भकासच वाटलं.

अवग्रह: 'भकास' देशी की संस्कृत, ह्यावरही बोलता येईल. निवांतचे कोणी खोडलेले नाही.

कोल्लापुरी_पांढरा: खोडायला सवड न्हाई. ताई, काकडी-पावावर पोट भरतंय व्हय?

रानजाई: राईचा पाव असतो, चांगला जड. लसणाची चटणी लावून खातो.

काकूबाई_नागपूर: राई म्हणजे मोहरी ना? मोहरीचा पाव??

रानजाई: नाही हो, धान्य आहे ते, गव्हासारखं. राय म्हणा हवं तर.

अवग्रह: ह्याला मराठी शब्द असलाच पाहिजे.